'मॉन्सून वेडिंग' पुन्हा पाहिला. ललित नेमका कधी ठरवतो?

अबोली_कोथरूड | रविवार, रात्री १०:४२

काल दिवसभर धो धो पाऊस, वीज जाऊन-येऊन. लेक म्हणाली, आई, पावसाचंच काहीतरी लाव. 'मॉन्सून वेडिंग' लावला. २००१ साली प्रदर्शित झाला तेव्हा मैत्रिणींबरोबर थेटरात पाहिला होता. नंतर टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत दिसत राहिला, पण सलग पाहिला तो काल.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं उघड केलंय.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला फक्त अदिती दिसली होती. दिल्लीच्या वर्मांची मुलगी, ह्यूस्टनहून आलेल्या हेमंतशी चार दिवसांत लग्न, आणि मन अजून त्या लग्न झालेल्या टीव्हीवाल्या विक्रममध्ये. लग्नाआधी ती हेमंतला सगळं खरं सांगून टाकते, त्या प्रसंगाला आम्ही पाचही जणी श्वास रोखून बसलो होतो. आमच्यातल्या तिघींची तेव्हा बघाबघी चालू होती.

काल मात्र नजर ललितवरून, म्हणजे नसीरुद्दीन शाहवरून, हलेना. पहिल्याच प्रसंगात दारावरची झेंडूची कमान गळतेय आणि हा बाप मांडववाल्या दुबेच्या नावानं ओरडतोय. पैसे कुठून आणायचे, पाहुणे कुठे झोपवायचे, मुलगा सारखा स्वयंपाकाचे कार्यक्रम का बघतो, अशा शंभर काळज्या. एका रात्री तो आणि त्याची बायको पिम्मी झोपलेल्या मुलींकडे बघत उभे राहतात. एक पोटची, दुसरी रिया, गेलेल्या भावाची. या मुलींवरचं प्रेम कधीकधी सोसवत नाही असं काहीसं तो म्हणतो. काल त्या वाक्याला मी लेकीकडे बघितलं, तर ती माझ्याकडेच बघत होती.

आणि मग तेज. घरातला सगळ्यात मानाचा माणूस, पडत्या काळात आधार दिलेला. रिया लहान असताना त्यानं तिच्याशी जे केलं ते ती सगळ्यांसमोर बोलते, कारण आता तो छोट्या आलियाला गाडीतून फिरवायला निघालाय. त्यानंतर मधे एक रात्र जाते. दुसऱ्या दिवशी, ऐन लग्नाच्या तोंडावर, रियाच्या वडिलांच्या फोटोसमोर ललित तेजला निघून जायला सांगतो.

माझा प्रश्न असा, की हे तो कधी ठरवतो? रात्री पिम्मीजवळ मोडून पडतो तेव्हा? रियाला परत आणण्यासाठी तिच्यापुढे हात जोडतो तेव्हा? की फोटोसमोर उभं राहीपर्यंत त्याचं त्यालाही माहीत नसतं? आणि तुमच्यापैकी ज्यांनी इतक्या वर्षांनी पुन्हा पाहिला, त्यांना या वेळी कोण दिसलं?


नुसताच_बंड्या | रात्री १०:५८

शीर्षक अर्धवट वाचून मला वाटलं मराठा मंदिरात अजून चालू आहे त्या 'दिलवाले दुल्हनिया'बद्दल धागा आहे. हा वेगळा आहे. बघून येतो.


जयंत_काका | रात्री ११:१५

अबोली, फार जिव्हाळ्याचा विषय काढलास. मी हा चित्रपट तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा पिम्मी स्नानघरात लपून सिगारेट ओढते तिथे मला माझी मोठी वहिनी आठवली. ती तपकीर ओढायची, माजघराच्या दाराआड. घरभर पाहुणे असताना बाईमाणसाला स्वतःची अशी दोनच मिनिटं मिळतात, आणि लिलेट दुबेनं ती दोन मिनिटं फार सुंदर केली आहेत.


दिल्लीवाली_आत्या | रात्री ११:४०

आमचं सगळं लहानपण दिल्लीत पहाडगंजात गेलं. घरात मराठी, शाळेत मराठी, जिना उतरला की पंजाबी. त्यामुळे हा सिनेमा पाहताना मला परक्याच्या घरात डोकावल्यासारखं कधी वाटलं नाही, शेजारच्या भाभीजींकडे लग्न लागलंय आणि आपण वाटीभर साखर मागायला गेलोय, असंच वाटलं.

सगळ्यात खरी आहे ती भाषा. एकच वाक्य इंग्रजीत सुरू होतं, हिंदीत वळतं आणि राग आला की पंजाबीत संपतं. आमच्या गल्लीत अगदी असंच होतं. हिशेब हिंदीत, पाहुण्यांसमोर इंग्रजी, शिव्या आणि लाड पंजाबीत. दिग्दर्शिका मीरा नायर स्वतः पंजाबी घरातल्या, म्हणून त्यांनी हे कुणाला समजावून सांगत न बसता तसंच ठेवलं. सबरीना धवनच्या संवादांत एकाही पात्राला 'आमच्यात असं असतं' म्हणून प्रेक्षकाला शिकवायला लावलेलं नाही.

रीतींबद्दल थोडं सांगते. पंजाब्यांकडे नवरीचा चूडा मामाकडून येतो. लाल-पांढऱ्या बांगड्या आधी दूध-पाण्यात बुडवतात, मग मामा त्या भाचीच्या हातात चढवतो. तोवर नवरीनं त्या बघायच्या नसतात, म्हणून डोळे मिटायचे आणि भरल्यावर हातावर कापड टाकायचं. मग मैत्रिणी त्याला कलीरे, म्हणजे लोंबते झुबके, बांधतात. नवरी ते कलीरे लग्न न झालेल्या मुलींच्या डोक्यावर हलवते, जिच्यावर तुकडा पडेल तिचा नंबर पुढचा. शेजारच्या ताईच्या लग्नात माझ्या डोक्यावर अख्खा झुबकाच निखळून पडला होता. मी सातवीत होते. माझ्या आईनं त्या रात्री धसक्यानं जेवण केलं नाही!

आपल्याकडे मामा भाचीला बोहल्यावर आणतो, त्यांच्याकडे तो तिचे हात भरतो. मामाशिवाय लग्न लागत नाही हे दोन्हीकडे सारखंच.


नुसताच_बंड्या | रात्री ११:५२

आत्या, पुढचा नंबर लागला का मग?


दिल्लीवाली_आत्या | रात्री ११:५५

लागला, बारा वर्षांनी. त्या कलीऱ्यांना बहुतेक आमचा पत्ता नीट कळला नव्हता.


रानजाई | सोमवार, सकाळी ७:२०

मला ललितबद्दल एवढं प्रेम वाटत नाही, स्पष्टच सांगते.

रिया बोलते त्या क्षणी काय होतं ते आठवा. तेजची बायको म्हणते, ही खोटं बोलतेय. कुणीतरी तिचं लग्न झालेलं नाही याचं भांडवल करतं. आणि घरातले सगळे गप्प. ज्या मुलीनं एका लहान पोरीला गाडीतून ओढून बाहेर काढलं, तीच रात्री एकटी घराबाहेर पडते. तेज तिथेच, त्याच घरात, त्याच मानानं.

दुसऱ्या दिवशी ललित तिच्याकडे जातो ते काय सांगायला? 'मी त्याला हाकललं, आता ये', हे सांगायला नाही. 'तू ये' एवढंच. म्हणजे जिला लागलंय तिनंच पाऊल पुढे टाकायचं, तेही तो माणूस मांडवात असताना. हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ते मोठं होत नाही. तिनं नकार दिला असता तर? मग फोटोसमोर ते शब्द निघाले असते का?

रिया झालेली शेफाली शाह त्या प्रसंगात जवळजवळ काहीच बोलत नाही. तिच्या मानेकडे बघा फक्त. ती मान हलवत नाही, होही म्हणत नाही. मला तर तिथे रिया ठरवताना दिसते. ललितचं ठरणं त्यानंतरचं.


सायन_कोळीवाडा | सकाळी ९:०५

रानजाई, तुझं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही, कारण तू म्हणतेस ते खरं आहे. तरी एक बाजू सांगते, कारण माझं सासर पंजाबी आहे आणि ती बाजू मी घरात पाहिली आहे.

मी दादरची, लग्न करून सायन कोळीवाड्याला आले. आता त्याला गुरू तेग बहादूर नगर म्हणतात. फाळणीनंतर तिथे निर्वासितांसाठी इमारती बांधल्या होत्या. माझे सासरे १९४७ साली नऊ वर्षांचे असताना रावळपिंडीहून आले. येताना घरातलं काही आणता आलं नाही, एक पितळी गडवा सोडून. तो अजून आमच्या देवघरात आहे.

आल्यावर पहिल्या वर्षी लांबच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी त्यांच्या वडिलांना शिलाई मशीन घेऊन दिलं. त्या एका मशीनवर पाच माणसं जगली. पुढे सासऱ्यांनी स्वतःचं दुकान काढलं, फ्लॅट घेतला, मुलं इंजिनियर झाली. पण ते गृहस्थ घरी आले की सासरे खुर्चीत मागे टेकून बसत नसत. सत्तरीतसुद्धा पुढच्या कडेवर, पाठ ताठ. मी नवी सून, मला वाटायचं यांची पाठ दुखते. नंतर सासूबाईंनी हळूच सांगितलं, 'मशीनवाले हैं'. बास, एवढंच.

आमचे मशीनवाले फार सज्जन होते, देव त्यांना शांती देवो. पण ते तसे नसते तर? सिनेमात तेज काय करतो बघा. तो सगळ्यांसमोर जाहीर करतो की रियाच्या अमेरिकेतल्या शिक्षणाचा खर्च मी करीन. घर टाळ्या वाजवतं, ललितचा गळा दाटतो, आणि रिया पांढरीफटक. एका उपकाराखाली घर दबलेलं आहेच, आता दुसरा. ज्याचे उपकार तोच गुन्हेगार निघाला की माणसाला आधी स्वतःच्या आयुष्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मला ललितची ती रात्र अशी दिसते. ती रियावर अन्याय करणारी होती हे मान्यच. पण त्या पिढीतल्या माणसाला एका रात्रीत मशीन परत करायचं होतं.


रानजाई | सकाळी ९:३१

'एका रात्रीत मशीन परत करायचं होतं.' हे वाचून माझा राग गेला असं नाही, पण तो आता एकट्या ललितवर राहिला नाही. धन्यवाद ताई.


मांडवकरी | दुपारी १:४८

तुम्ही सगळे ललित-रियाचं बोलताय, मी दुबेचं बोलणार. आमचा सांगलीला मंडप डेकोरेशनचा धंदा, वडिलांपासूनचा. विजय राजनं दुबे केलाय तो मी दरवर्षी एकदा बघतो, सीझन संपला की.

पावसाळ्यातलं लग्न म्हणजे काय हे मांडववाल्याला विचारा. झेंडू पहाटे तीनला मार्केटात घ्यायचा. पाऊस असला की फूल भिजून जड, किलोमागे पावशेर पाण्याचेच पैसे देतो आपण. तो ओला माल पोत्यात रात्रभर राहिला तर आतून तापतो. सकाळी हात घातला की वाफ लागते हाताला आणि मधल्या पाकळ्या काळ्या. म्हणून आम्ही आल्या आल्या ताडपत्रीवर पसरून पंखा लावतो आणि पोरं बसून काळी फुलं वेगळी काढतात. पहिल्या प्रसंगात ती कमान गळते ना, मला त्यात हसू येत नाही. मला त्या पोराचं नाव विचारावंसं वाटतं ज्यानं ओली माळ बांधली.

आणि कापड. दोन बांबूंच्या मधे पाण्याचं पोट येतं. खालून काठीनं ढोसून ते पाणी कडेला काढायचं, तेही पाहुण्यांच्या अंगावर न सांडता. मांडव वॉटरप्रूफ आहे का यावरून ललित आणि दुबेची जी घासाघीस होते, ती आमच्याकडे दर जूनमध्ये होते. पांढऱ्या मांडवावरून ललित भडकतो तेही बरोबर आहे. आपल्याकडेही वधूपित्याला कोरा पांढरा मांडव दाखवला तर तो आल्या पावली परत जाईल.

दुबे झेंडू खातो, ते पाहून लोक हसतात. माझे वडील निशिगंधाची दांडी चावायचे. विचारात असले की. रात्रभर फुलांत बसलेल्या माणसाचा हात आपोआप फुलाकडे जातो.

एक मनातलं सांगतो. आम्ही मांडवात असतो, पण लग्नात नसतो. काम आमचं, पंगतीत नाव नाही. वीस वर्षांपूर्वी एका मोठ्या घरच्या लग्नात जेवणाच्या वेळी माझ्या वडिलांना 'तुमचं मागच्या दारानं पाठवतो' असं सांगितलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण त्या घरचं काम पुन्हा घेतलं नाही. म्हणून शेवटी त्या पावसात दुबे आणि घरकामाच्या ॲलिसला मोठ्या मांडवात नाचायला आत घेतात, ते मला दरवेळी बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. झेंडूचं हृदय करून तो तिच्यासाठी उभा राहतो, तेही त्याच्याच मालातून. माणसाकडे जे असतं तेच तो देतो.


खादाड_बोका | दुपारी २:१०

मांडवकरी, उभं राहून नमस्कार. निशिगंधाची दांडी विसरणार नाही.


जयंत_काका | दुपारी २:२५

मांडवकरी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.


मांडवकरी | दुपारी २:४०

काका, ते २०१४ ला गेले. पण तुमचा नमस्कार पोचला असं धरतो.


कॅमेरामागचा | संध्याकाळी ५:१२

मी कॅमेरा विभागात काम करतो, तेव्हा माझ्याकडून थोडी भर.

हे सगळं शूटिंग साधारण तीस दिवसांत झालं. सुपर १६, म्हणजे सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, कॅमेरा बहुतेक वेळ हातात. छायाचित्रण डेक्लन क्विनचं. एवढी माणसं एका घरात कोंबायची आणि कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा तर प्रत्येक फ्रेम लग्नाच्या ग्रुप फोटोसारखी झाली असती. इथे कॅमेरा पाहुण्यासारखा फिरतो. कुणाच्या खांद्यामागून बघतो, दारात अडतो, उशिरा पोचतो. तेज आणि आलियाचे छोटे छोटे क्षण आपल्याला आधी असेच ओझरते दिसलेले असतात, कडेला, कुणीतरी मधून जाताना. दुसऱ्यांदा बघताना अंगावर काटा येतो, कारण सगळं आपल्या डोळ्यांसमोर होतं आणि आपण मेंदी बघत होतो. ही मला या सिनेमाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आपणही त्या घरातल्यांसारखेच चुकतो.

विमानतळावरच्या एक्स-रे यंत्रामुळे काही फिल्म खराब झाली आणि तो भाग पुन्हा चित्रित करावा लागला. फिल्मवर काम केलेल्या कुणालाही हे वाचून पोटात गोळा येईल.

व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात २००१ मध्ये याला गोल्डन लायन मिळाला. त्याआधी भारतीय दिग्दर्शकाला तो मिळाला होता १९५७ साली, सत्यजित राय यांना 'अपराजितो'साठी.

आणि अबोलीताईंच्या प्रश्नाबद्दल: फोटोसमोरच्या प्रसंगात नसीरचा आवाज ऐका. तो चढत नाही. ज्या माणसाचं ठरलेलं नसतं तो ओरडतो.


नुसताच_बंड्या | संध्याकाळी ६:३०

बघून आलो. आईबरोबर बघितला. आयेशाच्या 'चुनरी चुनरी'वरच्या नाचाला आई टाळ्या वाजवत होती. त्यानंतर पंधरा मिनिटांत आईनं टीव्हीचा आवाज कमी केला आणि संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. आत्ता स्वयंपाकघरात आहे. मी जाऊन कांदा चिरून देतो.


ओवी | रात्री ८:१५

बंड्या, जा आधी.

मी गाण्यांसाठी आले होते. 'कावा कावा' सगळ्यांना आठवतं, सुखविंदर सिंगनं ते असं काही गायलंय की बसल्या जागी खांदे हलतात. पण माझं मन मेंदीच्या रात्री बायका ढोलकी घेऊन बसतात तिथे अडकतं. मदन बाला सिंधूंच्या आवाजातलं ते लोकगीत, मधेच कुणीतरी सूर चुकतंय, कुणी ढोलकीवर चमचा वाजवतंय असं वाटावं इतकं घरगुती. पंजाबी टप्पे आणि बोलियांमध्ये बायका सासू, नणंद, व्याही, नवरा सगळ्यांना टोमणे मारून घेतात. चावट ओळीही असतात, आणि त्या म्हणण्यात म्हाताऱ्या सगळ्यात पुढे.

आपल्याकडे घाणा भरताना, जात्यावर, हळदीला हेच होत आलं. माझ्या आजीच्या ओव्यांत विहिणीची जी काही शोभा काढलेली आहे ती इथे लिहिता येणार नाही. वर्षभर जे तोंडातून निघत नाही ते त्या रात्री गाण्यातून निघतं. म्हणूनच मला वाटतं, रिया गाण्याच्याच रात्री बोलते. बायका मोकळ्या व्हायची ती रात्र असते. फक्त तिचं गाणं वेगळं होतं.


दिल्लीवाली_आत्या | रात्री ८:३३

ओवी, अगदी. आमच्या भाभीजी ढोलकीवर खरोखरच चमचा वाजवायच्या. एकीनं ढोलकी मांडीखाली दाबायची, दुसरीनं समोर बसून लाकडावर चमचा. आमची आई त्यांना एकदा उखाणा घालून आली. कुणाला शब्द कळला नाही, पण सगळ्यांनी 'वाह जी वाह' केलं.

अवांतर: लिलेट दुबे आणि आयेशा झालेली नेहा दुबे खऱ्या आयुष्यात मायलेकी. आणि तिलोत्तमा शोम, रणदीप हुडा दोघांचाही हा पहिला सिनेमा.


खादाड_बोका | रात्री ८:५०

अवांतराला अवांतर: पंजाबी लग्नात आपल्या हॉटेलातल्या 'पंजाबी भाजी'सारखी लाल गोड ग्रेव्ही शोधायला जाऊ नका. अमृतसरला मित्राच्या लग्नात मी तीन दिवस छोले, माँ की दाल, कढी आणि तंदूरची रोटी खाल्ली, वर पितळी पेल्यातून लस्सी. तिसऱ्या दिवशी मित्राच्या आजीनं माझा गाल ओढून म्हटलं की हा पोरगा काहीच खात नाही. माझ्या आयुष्यात हे मला एकाच माणसानं म्हटलंय.


निळी_छत्री | मंगळवार, पहाटे २:०५

मी इथे वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

आमच्याकडेही एक तेज होता. नाव, नातं सांगत नाही. माझ्या बहिणीच्या आणि माझ्या बाबतीत. मी दहा वर्षांची असताना आईला सांगितलं. आईनं मला जवळ घेतलं, त्यानंतर आम्हाला कधी त्याच्याबरोबर एकटं सोडलं नाही. तेवढं तिनं केलं आणि ते तिच्या परीनं खूप होतं, हे मला आता कळतं. पण तो येत राहिला. गणपतीला, मुंजीला, माझ्या लग्नाला. आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर आला, आणि मी वाकून नमस्कार केला. फोटो आहे. अल्बममध्ये ते पान मी स्टेपल केलंय.

हा सिनेमा मी कॉलेजात असताना एकटीनं पाहिला होता. त्या वेळी फोटोसमोरचा प्रसंग आला आणि मी थेटरातून उठून बाहेर गेले. रडायला नाही. मला हसू येत होतं, आवरेना. असं कुणी म्हणू शकतं? भर लग्नात, पाहुण्यांसमोर, 'तुम्ही जा'? आणि लग्न मोडत नाही? आभाळ कोसळत नाही? पाऊस येतो फक्त, आणि सगळे नाचतात.

तुम्ही विचारताय तो कधी ठरवतो. मला त्यानं काही फरक पडत नाही. आदल्या रात्री ठरवलं असेल, नाहीतर त्या मिनिटाला. सगळ्यांसमोर बोलला. तिला ऐकू जाईल असं बोलला. मला तेवढंच हवं होतं.


रानजाई | पहाटे ५:४०

निळी_छत्री, आत्ता उठल्या उठल्या वाचलं. मी इथे आहे. केव्हाही मेसेज कर, कसल्याही वेळी.


सायन_कोळीवाडा | सकाळी ७:०२

तू सांगितलंस ते खरं आहे, आणि तुझं काही चुकलं नव्हतं. त्या वाकून केलेल्या नमस्कारातही नाही. बेटा, जेवलीस का काही?


जयंत_काका | सकाळी ७:४५

मी बहात्तर वर्षांचा आहे. आमच्या पिढीनं अशी किती पाकिटं स्टेजवर स्वीकारली असतील याचा विचार रात्रीपासून डोक्यात आहे. घरातल्या एका मुलीनं चाळीस वर्षांपूर्वी एका कार्याला यायचं नाही म्हणून हट्ट धरला होता. आम्ही तिला तऱ्हेवाईक ठरवलं. आज सकाळी तिला फोन केला. कारण विचारलं नाही. एवढंच म्हटलं की तेव्हा तू नाही म्हणालीस ते मी ऐकून घ्यायला हवं होतं. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, दादा, दुपारी पुन्हा कर.


अबोली_कोथरूड | सकाळी १०:२०

काल रात्रीपासून काय लिहावं कळत नव्हतं. निळी_छत्री, तुला घट्ट मिठी.

मी प्रश्न विचारला तेव्हा मला वाटत होतं मी ललितबद्दल विचारतेय. रानजाईनं रिया दाखवली, कॅमेरामागचा यांनी माझीच नजर कुठे होती ते दाखवलं. काल संध्याकाळी लेकीला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. ती म्हणाली, 'आई, तू मला कधी विचारलंच नाहीस, की आपल्याकडे येणाऱ्यांपैकी कोण मला आवडत नाही.' मी विचारलं. तिनं एकही नाव घेतलं नाही. पण एका मामाच्या मित्राचं 'पाठीवर हात ठेवून बोलणं' आवडत नाही म्हणाली. एवढंच. तो माणूस दिवाळीला आपल्याकडे जेवायला असतो. या दिवाळीला नसेल. माझं ठरायला एक मिनिटही लागलं नाही. भावाला मात्र अजून सांगायचंय, त्याचा आजन्म मित्र आहे. आज रात्री फोन करणार आहे.


मांडवकरी | सकाळी १०:४१

ताई, फोन करा. भाऊ आहे, ऐकेल. नाही ऐकलं तर पुन्हा करा.


निळी_छत्री | रात्री ९:३०

सगळ्यांचे प्रतिसाद दिवसभर पुन्हा पुन्हा वाचले. सायन_कोळीवाडा ताई, जेवले. वरणभात.

बहिणीला धागा पाठवला. तिनं हा सिनेमा पाहिलेला नाही. शनिवारी ती माझ्याकडे येतेय, आम्ही दोघी बघणार आहोत. एक मदत करा. मला क्रम नीट आठवत नाही. तेज आलियाला गाडीतून न्यायला निघतो ते साधारण कुठे येतं? मला थोडं आधी कळलं तर बरं. तेव्हा तिच्या शेजारी सरकून बसायचंय.


अबोली_कोथरूड | रात्री ९:३४

आयेशाचा नाच सुरू झाला की जवळ सरक. ते त्याच रात्रीचं आहे, नाचानंतर.


नुसताच_बंड्या | रात्री ९:३६

आणि तिथून पुढे शेवटपर्यंत उठू नका दोघी. पाऊस यायचाय अजून.